चादरीचं गाणं

आमच्या धुलाईघरात तिला करवत म्हणायचे. तोंडावर ताई, पाठीमागे करवत. हे नाव मी ठेवलेलं नाही, पण सगळ्यात जास्त वापरलं मीच. घडीच्या टेबलावर तिच्या समोरची जागा माझी होती, त्यामुळे तिचे दात आधी मला लागायचे.

मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरातलं ते धुलाईघर. एका टोकाला मशिनं, मधे वाफेचा रोलर आणि या टोकाला आम्ही घडीवाल्या. वरच्या मजल्यांवर माणसं बरी होतात, मरतात, बाळंत होतात; खाली आमच्याकडे त्या सगळ्यांच्या नुसत्या चादरी येतात. मोठ्या चादरीची घडी एकटीने होत नाही. दोघींनी दोन-दोन कोपरे धरायचे, मागे सरकून एक झटका द्यायचा, उभी दुमडायची, मग एकीने पुढे चालत येऊन आपले कोपरे दुसरीच्या हातात द्यायचे आणि खाली लोंबणारी दुमड उचलायची. हॉस्पिटलचा शिक्का वर दिसला पाहिजे. नाही दिसला तर वॉर्डातून चादर परत येते आणि तिच्याबरोबर शिव्या येतात.

करवतीच्या हातून चादर कधी परत आली नाही. आणि हे ती आम्हाला विसरूही द्यायची नाही. कोपरा बोटभर इकडेतिकडे झाला की, "घडी घालतेयस की मढं गुंडाळतेयस?" नवीन पोरगी आली की पहिल्याच आठवड्यात तिला रडवायची. कोणाच्या घरी काय चाललंय हे कधी विचारायची नाही, स्वतःचं सांगायची नाही. डबा भिंतीकडे तोंड करून खायची. मला ती डोळ्यांसमोर नकोशी व्हायची आणि दिवसभर तीच डोळ्यांसमोर.

आता ते गाणं. एक माणूस आणि एक गिटार, बाकी काही नाही. ढोल नाही, बाजा नाही, मागे कोरस नाही. गाणं त्यानेच लिहिलेलं, चाल त्याचीच. नवराबायको गच्चीवर चादरीची घडी घालताहेत, एवढंच त्यात आहे.

एक टोक तुझ्या हाती, एक टोक माझ्या,
मधे वारा आहे, थोडी पुढे ये.

गाणं येऊन कितीतरी वर्षं झाली, त्याच्यामागून आलेली गाणी लोक विसरले, पण हे काही जात नाही. रिक्षात असतं, दवाखान्यात असतं, फोन उचलायच्या आधी वाजतं. आमच्याकडे तर विचारूच नका. जगात आमच्या कामावरचं ते एकच गाणं, म्हणून ते आमचंच. शिवाय त्याचा ठेका हाताला असा बसायचा की पहिल्या ओळीला झटका आणि "पुढे ये"ला पाऊल. नव्या पोरींना आम्ही घडी शिकवायचो ती गाण्यावरच. रोलरवरची बाई, सासऱ्याच्या मयतीला जिने डोळ्यातून टिपूस काढलं नाही, ती शेवटच्या कडव्याला नाक पुसायची.

आणि करवतीला नेमकं तेच गाणं चालायचं नाही. रेडिओवर लागलं की ती टेबल सोडून जायची आणि बटण पिरगाळायची. शेवटी तिने रेडिओच कपाटात टाकला. मग आम्हीही इरेला पेटलो. तिची पाठ वळली की मशिनकडून कोणीतरी गुणगुणायचं, तिकडे वळली की रोलरकडून. मी तर तिच्या समोर उभी राहून, ओठ न हलवता, नाकातल्या नाकात. गंमत म्हणजे तिचे हात फितूर व्हायचे. नकळत ठेक्यात यायचे. लक्षात आलं की ती मुद्दाम पाऊल चुकवायची आणि माझ्यावर खेकसायची. मला त्या दिवशी जेवण गोड लागायचं.

मग हॉस्पिटलचा वर्धापनदिन आला. खाली कधी न येणारे मॅनेजर साहेब नाकाला रुमाल लावून तळघरात आले. म्हणाले, गाणारा स्वतः येतोय, वरच्या सभागृहात ते गाणं म्हणणार आहे आणि तो म्हणत असताना आपल्याच दोन कर्मचारी मंचावर चादरीची घडी घालतील. कशी काय कल्पना? कल्पना त्यांचीच होती, त्यामुळे उत्तराची वाट न बघता त्यांनी आम्हा दोघींकडे बोट केलं.

"मी नाही," करवत म्हणाली. "त्याला घडी घालायची हौस असेल तर त्याने खाली यावं. भरपूर चादरी आहेत."

साहेबांनी सरळ सांगितलं, नाही म्हणायचं तर उद्यापासून शवागाराच्या साफसफाईवर जा. ती म्हणाली, जाते.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिच्याशिवाय दुसरी जोडी निवडली जाणार, म्हणजे माझीही संधी गेली. कपडे बदलायच्या खोलीत मी तिला गाठलं. म्हटलं, "चार माणसांत आपलं कौतुक झालं तर तुमच्या पोटात का दुखतं? स्वतः हसायचं नाही, दुसऱ्यालाही हसू द्यायचं नाही. काय घोडं मारलंय त्या गाण्याने तुमचं?"

तिने लॉकर बंद केला. बसचा नंबर सांगावा तसं म्हणाली, "तो माझा नवरा होता."

मी बाकावर बसले. तीही बसली. मग एवढ्या वर्षांत मिळून बोलली नसेल तेवढं बोलली.

तिची लेक आम्हा सगळ्यांच्या माहितीची. वर रक्त तपासायच्या लॅबमध्ये होती, मला काकू म्हणायची. अशा आईच्या पोटी ही इतकी मऊ कशी आली याचं आम्हाला नवल वाटायचं. बाप कोण हे लेकीला ठाऊक होतं. गाणं तोंडपाठ होतं. शाळेत असताना तिने आईला कितीदा तरी विचारलं होतं, गाण्यात तू आहेस, बाबा आहे, मग मी का नाही? आईने दर वेळी तेच सांगितलं, तू तेव्हा झालीच नव्हतीस.

"आणि झाली होती?" मी विचारलं.

"दीड वर्षाची होती. चादरीखालून पळायची. तिच्यासाठीच तर धरून उभे राहायचो आम्ही, घडी कसली आलीय. आम्ही चादर वर केली की ही खालून पलीकडे, पुन्हा वर केली की अलीकडे. हात भरून यायचे. हसून हसून उचकी लागायची हिला." तिने लॉकरची किल्ली मुठीत घेतली. "गाणं गाजलं आणि तो गेला. घरातून जाताना पोरीला नेलं नाही, ते ठीक. गाण्यातही घेतली नाही मेल्याने."

आता भीती तिला एकाच गोष्टीची होती. मंचावर लोक गाण्याची गोष्ट विचारतात, आणि हा बोलघेवडा. काय बोलून जाईल नेम नाही. आपण तिथे होतो आणि बापाने आपल्याला वगळलं, हे लेकीला भरसभेत कळायला नको. आपण नव्हतोच, यात दुःख कमी. म्हणून तिने कार्यक्रमाच्या दिवशी लेकीला सुट्टी काढून कुठेतरी पाठवायचं ठरवलं होतं. पण लेक आधीच पुढच्या रांगांतली खुर्ची सांगून बसली होती. "आई, तू मंचावर उभी राहा," म्हणत होती. "त्याला दिसू दे तू."

"मग उभ्या राहाच," मी म्हटलं. "तुम्ही समोर दिसलात तर त्याची जीभ टाळ्याला चिकटेल."

तिने ते ऐकलं. माझा सल्ला तिने आयुष्यात एकदाच ऐकला, आणि तो हा.

दुपारचा कार्यक्रम. आम्हाला कोरी चादर दिली होती, शिक्का नसलेली, आणि डोक्याला नव्या टोप्या. लेक तिसऱ्या रांगेत बसली होती. गाणारा आला. काळा शर्ट, केसही तितकेच काळे, रंगाच्या डब्यातून काढलेले. खुर्चीवर बसून त्याने गिटारचे कान पिळले, मग आमच्याकडे वळून बघितलं. करवत त्याच्या डोळ्याला डोळा देऊन उभी होती.

"मावशी," तो म्हणाला, "जरा डावीकडे सरका. माझ्यावरचा उजेड अडतोय."

मावशी. त्याच्याहून चार वर्षांनी लहान बाई. तिला ओळखलंच नाही की ओळखायचं नव्हतं, देव जाणे. ती डावीकडे सरकली. चेहऱ्यावर काही नव्हतं, पण चादरीचं तिच्या बाजूचं टोक तिने असं आवळलं की माझ्या हाताला ओढ बसली.

आणि तो बोलायला लागला. लाडात आलेला आवाज. "लोकांना हे गाणं सोपं वाटतं. पण सोपं करायला काय काय काढून टाकावं लागतं, ते लिहिणाऱ्यालाच माहीत. आधी यात अजून एक कडवं होतं. आमची मुलगी तेव्हा दीडेक वर्षाची, चादरीखालून पळायची. ते सगळं होतं त्यात. गोड होतं हो. पण तिसरं माणूस आलं की गाणं विस्कटायचं. दोघांतच राहिलं तर मजा. मग काय, काढली तिला." लोक हसले. कौतुकाने टाळ्या वाजल्या.

मी तिसऱ्या रांगेकडे बघितलं. लेकीचे हात टाळीसाठी जुळले होते ते तसेच जुळलेले राहिले.

तेवढ्यात त्याने तार छेडली. मी मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत उभी होते. असं वाटत होतं, चादर त्याच्या डोक्यावर टाकावी आणि वरून बसावं. पण खरं सांगायचं तर गाणं चांगलं होतं. हीच तर चीड. दोन ओळी झाल्या आणि माझे हात आपोआप ठेक्यात आले, तळघरात यायचे तसेच. हा माणूस कसा आहे ते आत्ताच ऐकलं होतं मी, दहा हातांवर बसला होता तो, तरी गाण्यातला नवरा मला खराच वाटत होता. भल्या माणसांना अशी गाणी का सुचत नाहीत, याचं उत्तर मला कोणी द्यावं.

"पुढे ये" आलं. करवतीने चालत माझ्याकडे यायचं होतं. ती हलली नाही. साहेब पडद्याआडून हातवारे करत होते. मी चादर हळूच ओढली, तेव्हा ती आली, आणि जवळ आल्यावर मला दिसलं की तिच्या डोळ्यांतून पाणी वाहतंय. रागाने असेल असं वाटलं. राग नव्हता. राग कसा असतो ते त्या चेहऱ्यावर मी रोज बघत आले होते. ती सभागृहातल्या बाकी बायांसारखीच रडत होती, गाण्यासाठी. कोपरे माझ्या हातात देताना तिने वाकडे दिले. घडी तिरपी झाली. मी तशीच छातीशी धरली आणि लोकांना वाटलं, असंच असतं.

गाणं संपल्यावर आम्ही मागच्या जिन्याशी आलो. तिथे एकावर एक खुर्च्या रचलेल्या होत्या. लेक आमच्या आधी येऊन उभी होती. मी निघायला लागले तर करवतीने माझा दंड धरला आणि सोडलाच नाही.

"खोटं बोललीस," लेक म्हणाली.

"हो."

"प्रत्येक वेळी विचारलं तेव्हा."

"हो."

"तो गेलाच उडत. त्याच्याकडून मला कधी काही अपेक्षा नव्हती. पण त्याने मला एकदा काढलं. तू दर वेळी काढलंस."

मी तोंड उघडणार होते, पण माझ्या दंडावरची बोटं रुतली. करवत, जी साहेबाला उलटून बोलायची, ती खाली मान घालून उभी होती.

"ते कडवं तुला येतं?" लेकीने विचारलं.

"येतं."

"म्हण."

"इथे?"

"इथेच."

तिला गाताना मी कधी ऐकलं नव्हतं. आवाज नावाप्रमाणेच होता. सूर कुठेच्या कुठे. तिने खुर्च्यांकडे बघत म्हटलं:

खाली पळते छोटी राणी,
चारच दात नि बोबडी वाणी,
पाय ओले, पायात पाणी,
धरा हो धरा हिला कोणी.

मी लेकीकडे बघितलं नाही. बघवेना. कारण कडवं वाईट होतं. बालवाडीतल्या बाईंनी घाईत जुळवावं तितकं वाईट. त्या गाण्यात ते बसलंच नसतं.

"पायात पाणी म्हणजे?" लेक म्हणाली.

"राणीला जुळणारं दुसरं काही सुचेना त्याला."

"किती भिकार आहे हे, आई."

"आहे."

"म्हणजे काढलं ते बरोबरच केलं त्याने."

आतून टाळ्यांचा आवाज आला, त्याचं दुसरं गाणं सुरू झालं होतं. लेक जिन्याच्या पायरीवर बसली. आईकडे तिने अजूनही नीट बघितलं नव्हतं. गुडघ्यांवर हनुवटी टेकली.

"परत म्हण," ती म्हणाली.

करवतीने माझा दंड सोडला, माझ्याकडे खाऊ की गिळू असं बघितलं, घसा साफ केला आणि परत म्हटलं.