मायच्या अंगठ्याचं नख

मी निघाले तेव्हा मायच्या हातात दुसऱ्याच कुणाचा तरी हात होता. सिरसाळ्याच्या बाजारपेठेत आमचं बांगड्यांचं दुकान. दुकान म्हणजे रस्त्यावर उघडणारी एक खोली, भिंतीला फळ्या आणि पुढे बसायला पाट. पाटावर एक गिऱ्हाईक बसलेलं आणि माय तिचा अंगठा तळव्यात दुमडून, सगळा हात आवळून, हिरवी बांगडी हळूहळू वर चढवत होती. मी पिशवी घेऊन उंबऱ्यात उभी. दादा, म्हणजे माझे वडील, पुण्याच्या ट्रॅव्हल्सची वाट बघत रस्त्यावर. कासारणीच्या हातात बांगडी असली की तिला मध्येच उठता येत नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. तरी वाटत होतं, आज उठेल. ती उठली नाही. "पोचल्यावर फोन कर," एवढंच म्हणाली, तेही बांगडीकडे बघत.

पेठेतल्या माणसांनो, तुमच्यातले कितीतरी जण गाव सोडून गेले. कुणी शिकायला गेलं, कुणी नोकरीला, कुणी लग्न होऊन. मी कशासाठी गेले हे पेठेत सगळ्यांना माहीत होतं, फक्त तोंडानं कुणी म्हणत नव्हतं. आता मीच म्हणते. माझा नवरा अपघातात गेला आणि मी माहेरी परत आले. दुकानात बसायला कुणाची हरकत नव्हती. बायका यायच्या, माझ्या हातून बांगड्या भरून घ्यायच्या, वर दादांना सांगायच्या की पोरीचा हात मायपेक्षा हलका आहे. पण दुकान वेगळं आणि मांडव वेगळा. एका लग्नात मी चुड्याचा डबा उघडला, नवरीचा हात हातात घेतला, तेवढ्यात मागून कुणीतरी खाकरलं. मायनं वर बघितलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "रंजे, तू ऊठ. मी भरते." मी उठले. त्यानंतर काही दिवसांतच पिशवी भरली.

पुण्यात मी वाकडच्या एका पार्लरमध्ये लागले. आधी झाडू, मग थ्रेडिंग, मग नखं. नखांचं काम मला पटकन जमलं. हात धरायचा कसा, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. आता माझ्या एप्रनवर 'नेल टेक्निशियन' असं लिहिलेलं आहे. माय त्याला अजून 'नखं काढायचं काम' म्हणते, आणि ऐकणाऱ्याला मी न्हावीण वाटते.

आमचा सीझन थंडी सरता सरता सुरू होतो. थंडीत बायका हात मोज्यात नाही तर गरम पाण्यात घालून बसतात. नखं कोरडी पडतात, त्यांचे पापुद्रे निघतात, आणि दिवाळीला लावलेलं जेल पॉलिश पार्लरला यायचा कंटाळा म्हणून दातांनी उपटलेलं असतं. मग फेब्रुवारीत सगळ्या एकदम जाग्या होतात. लग्नं, पाडवा, फोटो. ताई, महिनाभरात चांगली करून द्या, म्हणतात. मी नखं आखूड कापते, फाइल एकाच दिशेनं फिरवते, चकाकी आणायचा बफर अगदी बेतानं लावते, तेल देते आणि रंग द्यायला साफ नकार देते. मालकीणबाई चिडतात. पण मी सगळ्यांना एकच सांगते. खराब झालेलं नख बरं होत नसतं. ते पुढं सरकतं आणि आपण ते कापून टाकतो. चांगलं येतं ते खालून, त्याच्या वेळेनं.

त्यात नवऱ्या मुलीच जास्त. एकामागून एक येतात, समोर बसतात आणि दोन्ही हात टेबलावर माझ्यापुढे ठेवतात. मी कोण, कुठली, माझा नवरा आहे की नाही, कुणी विचारत नाही. पहिल्या वर्षी अशी एक मुलगी हात देऊन बसली तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडून आले होते. आता सवय झाली.

गेल्या श्रावणात दादा गेले. मी पोचले तेव्हा जाणत्या बायका जमल्या होत्या आणि त्यांना मायच्या हातातल्या बांगड्या फोडायच्या होत्या. मायनं कुणाला हात लावू दिला नाही. तिनं अंगठा दुमडला आणि एकेक बांगडी स्वतःच उतरवली. एकही फुटली नाही. कासारीण ती, काच फोडणं तिच्या हाताला माहीतच नव्हतं. बायका कुजबुजल्या. मायनं बांगड्या कागदात गुंडाळून ठेवल्या आणि म्हणाली, आता आंघोळीचं पाणी काढा.

तिनं दुकान बंद केलं नाही. आधी दुकानात नेलपॉलिशचा नवा रंग आला की ती डाव्या हाताच्या नखांना लावून बसायची आणि बायका तिची बोटं बघून बाटली निवडायच्या. ते तेवढं थांबलं. मग दिवाळीच्या आधी दुकानाचं शटर तिच्या उजव्या अंगठ्यावर आलं. नख काळंनिळं झालं आणि मुळापासून सुटायला लागलं. फोनवर ती काही बोलली नव्हती. मला शेजारच्या शिंप्याकडून कळलं. मी गेले आणि तिला पुण्याला घेऊन आले. नख बरं झालं की लगेच परत जाणार, अशी तिची अट होती. डॉक्टरांनी सुटलेला भाग कापला, मलम दिलं, हात ओला ठेवू नका म्हणाले. नवीन नख पूर्ण यायला उन्हाळा उजाडेल, हेही सांगितलं.

मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. इतक्या वर्षांनी माय माझ्याजवळ. मी तिला भांड्यांना हात लावू देत नव्हते. रोज संध्याकाळी पार्लरचं तेल तिच्या अंगठ्याला चोळायचे. ती बाटलीचा वास घ्यायची आणि तोंड वाकडं करायची. शेवटी करडईचं तेल कोमट करून तेच लावायला लागलो, आणि नखाला त्यानं काही वाईट झालं नाही. भाताच्या कणीएवढं नवं नख मुळाशी दिसलं तेव्हा तिनं ते मला तीन-तीनदा दाखवलं.

संक्रांत आली. बांगड्यांच्या धंद्यात संक्रांतीएवढा सण नाही. हळदीकुंकवाच्या बायकांनी दुकानात पाय ठेवायला जागा नसते. मी भीत होते की ती आता सिरसाळ्याला जायचा हट्ट धरेल. ती म्हणाली, "या अंगठ्यानं कसं जमंल? औंदा राहू दे." एवढ्या सहज म्हणाली की मी तिच्याकडे बघतच राहिले. तापानं फणफणलेली असताना बांगड्या भरणारी बाई ही. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दादा गेल्यावर संक्रांतीला हळदीकुंकवाच्या बायका आपल्याकडे येतील की परस्पर पुढच्या दुकानात जातील, ते तिला बघायचं नव्हतं. नख होतं म्हणून झाकून गेलं. आम्ही दोघी नखाबद्दल बोलत राहिलो.

पण एका चुड्यावर तिचा जीव होता. पेठेतल्या सुमनकाकू आमच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांच्या स्वतःच्या लग्नात चुडा मायनं भरला होता, दोन्ही जावांचा मायनं भरला होता, आणि त्यांची पल्लवी पाळण्यात असताना तिच्या हातात पहिल्या काळ्या बांगड्या मायनंच घातल्या होत्या. पल्लवीचं लग्न पाडव्यानंतर ठरलेलं. सुमनकाकूंचा फोन येईल म्हणून माय मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात बसायची. शेवटी तिनंच फोन लावला. बस्ता बांधायला पुण्याला येणारच आहात तर पल्लवीचे हात आमच्या रंजीकडून करून घ्या म्हणाली. लई छान करती, पोरीची नखं बघतच राहतील म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं माझ्या कामाचं कौतुक केलं आणि ते कशासाठी, हे मला कळत होतं.

त्या आल्या. माय सकाळपासून इस्त्रीचं लुगडं नेसून पार्लरच्या सोफ्यावर बसली होती. पल्लवी समोर बसली. साखरपुड्याचं जेल तिनं खरवडून काढलं होतं, नखं कागदासारखी पातळ झाली होती. मी तिचा हात घेतला, कापायला लागले. सुमनकाकू साड्यांबद्दल, जेवणाबद्दल, हॉलबद्दल बोलत होत्या. सगळं बोलून झालं, चुड्याचं तेवढं आलं नाही. मग मायनंच विचारलं की चुडा आदल्या दिवशी भरायचा का सकाळी.

सुमनकाकूंनी साड्यांची पिशवी जवळ ओढली. "मावशी, तुमचं नख आजून बरं न्हाई ना," त्या म्हणाल्या. "कावून तरास घेता? परळीहून एक जण यायला हाय."

माय उठली. सुमनकाकूंच्या समोर गेली आणि अंगठा त्यांच्यापुढे धरला. टोकाला कणभर पांढरं राहिलं होतं, बाकी गुलाबी, गुळगुळीत. इतकं नीट आलेलं नख मी माझ्या गिऱ्हाइकांतही क्वचित बघितलंय.

"बरं झालंय की," माय म्हणाली. "दाबून बघ."

सुमनकाकूंनी दाबलं नाही. त्या वाईट बाई नाहीत. त्यांचे डोळे भरले होते, ते मी बघितलं. पण त्यांनी हात पदरातच ठेवला. "तुमी अक्षदा टाकायला या," त्या म्हणाल्या. "मी गाडी पाठवते."

माय परत सोफ्यावर बसली. मी खाली मान घालून पल्लवीच्या नखांवर फाइल फिरवत होते आणि माझ्या अंगाची आग होत होती. मीही विधवाच. सुमनकाकूंना ते चांगलं माहीत होतं. तरी त्यांच्या नवऱ्या मुलीचे दोन्ही हात त्या वेळी माझ्या हातात होते आणि त्यात त्यांना काही वावगं दिसत नव्हतं, कारण हे पार्लर होतं. पल्लवी एकदाच बोलली, तेही फार हळू. ताई, तेल रोज लावायचं का, म्हणाली. मी रोज म्हणून सांगितलं.

आम्ही रिक्षातून घरी निघालो. माय बाहेर बघत म्हणाली, "तवा तुला ऊठ म्हणलं मी."

इतक्या वर्षांत हा विषय आमच्यात कधी निघाला नव्हता.

"त्या बाया तुला उठवणारच होत्या. मला वाटलं, मायनं उठवलं तर पोरीला कमी लागंल."

"कमी न्हाई लागलं, माय," मी म्हणाले. पुण्यात राहून माझी बोली बदललीय, पण ते वाक्य तसंच आलं.

तिनं मान हलवली. "न्हाई लागत कमी. आज कळलं."

त्या दिवसापासून ती परत जायचं नाव काढत नाही. नख पूर्ण आलंय, टोकाचं पांढरंही मी परवा कापलं. आता तिला ओल्याची भीती नाही, म्हणून ती भांडी घासते, माझा डबा भरते, सोसायटीच्या बागेत जाऊन बसते. कुणी विचारलं तर पुणं लई झ्याक हाय म्हणून सांगते. ती माझ्याजवळ राहावी म्हणून मी किती वर्षं झुरले. आता ती राहिलीय आणि मला ते बघवत नाही. काल टीव्ही बघता बघता तिनं माझा हात मांडीवर ओढून घेतला, नकळत माझा अंगठा तळव्यात दुमडला, आणि लक्षात येताच हात सोडून दिला.

मला कुणी विचारतं, तुमचं घर कुठं. मी सिरसाळा सांगते. इथं माझा हात कुणी कधी नाकारला नाही, कारण इथं मला कुणी ओळखतच नाही. तिथं ओळखतात म्हणून तर उठवलं. मला राग आहे, पुष्कळ आहे, आणि तरी घर म्हटलं की तीच पेठ डोळ्यापुढे येते. हे शहाणपणाचं नाही, मला कळतं. पण माय साठीच्या पुढे गेलीय. तिला माझ्यासारखी नवी नोकरी, नवं गाव, नवे हात कुठून आणू?

म्हणून हे लिहिलंय. पेठेतल्या बायकांनो, तुमच्यातल्या निम्म्याजणींचे चुडे तिनं भरलेत. जे पुण्या-मुंबईला गेलात, ते तुम्हीही गावाकडे फोन करता तेव्हा आपापल्या आईला सांगा. या उन्हाळ्यात ज्यांच्या दारात मांडव पडणार आहे, त्यांनी मायला बोलवा. नख बरं आहे. गाडी पाठवू नका, मी स्वतः तिला घेऊन येईन आणि बाहेर थांबेन. फक्त अक्षता टाकायला बोलवू नका. अक्षता टाकायला कुणीही येतं.