होडीचा धर्मबाप

आमच्या मनोरी गावात पास्कू कोंपाराशी भांडण झालं नाही असं एकही घर नव्हतं, आणि त्याच्याशी नातं नाही असंही एकही घर नव्हतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं बाहेरच्या माणसाला वाटणार नाही. पण तो होता, आणि मी स्वतः त्याचा पुरावा आहे.

आमच्यात मुलाच्या बाप्तिस्म्याला एक धर्मबाप आणि एक धर्मआई लागते. हा धर्मबाप मुलाच्या बापाचा ‘कोंपार’ होतो, आणि कोंपाराशी भांडणं किंवा अबोला धरणं हे पाप. सख्ख्या भावाशी वाजलं तर गाव म्हणतं, घरोघरी मातीच्या चुली. कोंपाराशी वाजलं तर म्हातारी माणसं तुमच्या घरचं पाणी पीत नाहीत. आमच्या वडीलधाऱ्यांनी या रिवाजाचा एक उपयोग शोधून काढला होता. पास्कूशी भांडण फार चिघळलं की घरात पुढचं मूल होईपर्यंत कळ काढायची, आणि मूल झालं की त्यालाच धर्मबाप म्हणून बोलवायचं. भांडण आपोआप बंद. अशी त्याची धर्ममुलं गावभर होती आणि गाव आम्हाला आमच्या भांडणांवरून ओळखायचं. रहाटाचा फिलीप, आंब्याच्या फांदीची रेमेत, डुकराचा सायमन. मी बोंबलाची. माझ्या जन्माआधी बोंबील वाळत घालायच्या बांबूंवरून माझ्या बापाची आणि त्याची जुंपली होती. आईबापांना मी हवी होते की नाही कोण जाणे, गावाला मात्र माझी फार निकड होती.

त्यामुळे लहानथोर सगळेच त्याला कोंपार म्हणायचे. दिसायला काटकुळा, आवाज मात्र दोन माणसांचा. आमच्या गावात अहो-जाहो फक्त फादरला, म्हणून मीही त्याला अरे-तुरेच करते. बाप्तिस्म्याच्या दिवशी तो लग्नात शिवलेला काळा कोट घालायचा आणि त्यात घामाने भिजून निघायचा. सैतानाचा त्याग करतोस का, हे फादर बाळाला लॅटिनमध्ये विचारायचे आणि बाळाच्या वतीने कोंपार मराठीत गरजायचा, “करतो!” जणू सैतान शेजारच्याच वाडीत राहतो आणि त्याने याच्या हद्दीत कुंपण घातलंय. बाळ दचकून रडायला लागायचं. बायका म्हणायच्या, सैतान बाहेर पडला. माझी आई म्हणायची, सैतान पडला की नाही माहीत नाही, पोरीचं दूध मात्र बाहेर पडलं.

तेव्हाच्या विधीत फादर बाळाच्या जिभेवर चिमूटभर मीठ ठेवायचे. कोंपाराला सगळ्यात जास्त तेच पटलं होतं. आम्ही मोठे झाल्यावर कुठे चुकलो, शिव्या खाल्ल्या, परीक्षेत आपटलो, की तो म्हणायचा, “तुला मीठ लावलेलं हाय. तू कुजाची नाय.” मासळी वाळवणाऱ्या गावात याहून मोठं आश्वासन कुणी देऊ शकत नाही. मी पुढे बोरिवलीच्या शाळेत शिक्षिका झाले, तेव्हा पहिल्या दिवशी मार्व्याच्या तरीवर पोचवायला तोच आला होता आणि सगळ्या उतारूंसमोर त्याने मला हेच मोठ्यांदा सांगितलं.

दुसरं त्याचं पालुपद पाण्याचं. डुकराचा सायमन दारूच्या नादाला लागून गोदीत पळून गेला. देवळाची पायरी चढेना, आईला विचारीना. मग एका मोठ्या सणाला उपाशीपोटी परत आला आणि देवळाबाहेरच्या क्रुसापाशी चोरासारखा उभा राहिला. त्याच्या बापाने तोंड फिरवलं. कोंपाराने मात्र त्याचा कान धरला आणि भर मिस्सेत त्याला पहिल्या बाकावर नेऊन बसवलं. नंतर बाप भांडायला आला, पण कोंपाराशी भांडता येत नाही, हे त्याला अर्ध्या वाटेत आठवलं. “देवानी पानी ओतलं का ओतलं,” कोंपार त्याला म्हणाला. “ते सुकत नाय. पोरगा इसरला, तू इसरला, पन ज्यानी शब्द दिला तो इसरंल का? त्याला घाई नाय. तो थांबतो. आपुन थांबत नाय, तिथंच वाट लागते.”

हे तो सायमनच्या बापाला सांगत होता, पण ऐकवत होता स्वतःला. गावात सगळ्यांना ते ठाऊक होतं.

कोंपाराचा धाकटा भाऊ जाव शेजारीच राहायचा. एकच भिंत, एकच ओटा, मध्ये कुडाचा अडसर. त्यांचा बाप वारला तेव्हा जाव होडी घेऊन समुद्रावर गेला होता. दिवस मे महिन्याचे, ऊन चढत होतं, फादरना पलीकडच्या गावी लग्न लावायला जायचं होतं, आणि चार शहाणी माणसं म्हणाली, आता उरकून घ्या. थोरला भाऊ म्हणून पास्कूला विचारलं. पास्कूने मान डोलावली. संध्याकाळी जाव आला तेव्हा मातीवर फुलंसुद्धा सुकली होती. तो एवढंच बोलला, “थांबला असतास.” त्यानंतर तो भावाशी बोलला नाही. मी तेव्हा अगदी लहान होते. मला समजायला लागलं तेव्हा तो अबोला ओट्याइतकाच जुना आणि पक्का झाला होता.

कोंपार मात्र बोलायचा. जावशी नाही, जावच्या कोंबड्याशी. “कोंबड्या, तुज्या मालकाला सांग, वारा फिरलाय, आज जाळं नको टाकू.” जाव आत बसून ऐकायचा आणि त्या दिवशी जाळं टाकायचा नाही. असे कितीतरी कोंबडे आले आणि नाताळात शिजले, पण निरोप चालूच राहिले.

गावाचं औषध इथे चालत नव्हतं, कारण जावला मूल नव्हतं. मूल नाही तर बाप्तिस्मा नाही, बाप्तिस्मा नाही तर कोंपार नाही. ज्या माणसाने सगळ्या गावाशी असलेली भांडणं पाळण्यांतून मिटवली, त्याला स्वतःच्या भावाच्या घरात पाळणा हलायची वाट बघत बसावं लागलं. एका वर्षी सप्टेंबरच्या जत्रेला तो वांद्र्याच्या डोंगरावर माउलीला गेला आणि भावाच्या नावाने मेणाचं बाळ वाहून आला. न बोलणाऱ्या भावाला मूल व्हावं म्हणून नवस करणारा गावात तो एकटाच. ही बातमी जावच्या बायकोला, नातालीनला कळली तेव्हा ती चुलीपुढे बसून पोट धरून हसली. तिची पन्नाशी उलटली होती. “माउलीला वय तरी सांगायचं माजं,” ती म्हणाली.

मी एकदा त्याला विचारलं, “कोंपार, बापाच्या मातीचं फादरपुढे कबूल केलंस ना कधी?”

“किती वेळा,” तो म्हणाला. “गुडघे टेकून. देवानी माफ केलं. पहिल्याच खेपेला. जावनी नाय केलं. देवाचं बरं हाय, त्याला भाऊ नाय.”

जावची होडी कुजली आणि त्याने नवी बांधायला घेतली, तेव्हा मी शाळेत लागून दोनेक वर्षं झाली होती. होडी समुद्रात उतरवायच्या आधी फादर येऊन आशीर्वाद देतात, पाणी शिंपडतात, हे आमच्याकडे नेहमीचंच. पण त्या शनिवारी मी कोंपाराच्या ओट्यावर बसले असताना नातालीन कुडाच्या या बाजूला आली. इतक्या वर्षांत ती बाजू बदलून आलेली मी पहिल्यांदाच पाहत होते.

“होडीला धर्मबाप पायजे,” ती म्हणाली.

कोंपाराच्या हातातला कप तसाच राहिला. “जाव बोलला?”

“तो काय बोलतो? पन मी इचारलं, तर नको असंबी नाय बोलला.”

फादर नवे होते आणि शिकलेले होते. त्यांनी समजावून सांगितलं की बाप्तिस्मा माणसाला असतो, लाकडाला नसतो. होडीला पाप नाही, म्हणून तिला माफी नाही. आशीर्वाद ते देतील, धर्मबापाची तरतूद नाही. वडीलधाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग रहाटाच्या फिलीपचा बाप म्हणाला, “फादर, तुम्ही फक्त पानी मारा. बाकीचं आम्ही बघतो.”

तर तो दिवस आला. किनाऱ्यावर सगळं गाव. कोंपार काळ्या कोटात, हातात पेटती मेणबत्ती, दुसरा हात होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, बाळाच्या डोक्यावर ठेवावा तसा. फादरनी प्रार्थना वाचली, पाणी शिंपडलं आणि पुस्तक मिटलं. तेवढ्यात कोंपार गरजला, “सैतानाचा त्याग करतो!”

“पास्कू,” फादर कळवळून म्हणाले, “हे होडीला विचारत नाहीत.”

“तुम्ही इसरला असाल म्हनून बोललो, फादर.”

लोक हसले. जाव हसला नाही. रिवाजाप्रमाणे मुलाच्या बापाने कोंपाराला पहिला पेला द्यायचा असतो. जाव पेला घेऊन आला, वाळूकडे बघत म्हणाला, “घे, कोंपार.” आणि कोंपाराने दोन्ही हातांनी पेला घेतला. कित्येक वर्षांनी भावाच्या तोंडून शब्द निघाला, तोही भाऊ म्हणून नाही. पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं हे मी लपवणार नाही.

त्यानंतर ते बोलू लागले. वाऱ्याबद्दल, जाळ्याबद्दल, बर्फाच्या भावाबद्दल. कोंबड्याला सुट्टी मिळाली. पण बापाच्या मातीचा विषय कुणीच काढला नाही. गावाला वाटलं, झालं, मिटलं. कोंपाराला तसं वाटत नव्हतं. “बोलतो ना माज्याशी,” तो मला म्हणायचा, “पन ते नाय बोलत. एकदा बोलला का मी मोकळा झालो.” तो म्हातारा होत चालला होता आणि त्या एका वाक्यावर नजर ठेवून जगत होता. ते मिळाल्याशिवाय आपण बापाला वर तोंड दाखवू शकणार नाही, असं त्याला खरोखर वाटायचं. ज्याने सगळ्या गावाला देवाच्या माफीची हमी दिली, त्याची स्वतःची झोप भावाच्या माफीपाशी अडली होती.

कोंपार गेला तोही मे महिन्यात, आणि जाव समुद्रावरच होता. शेवटच्या सकाळी मी जवळ होते. “जाव आल्याबिगर मला हलवायचं नाय,” तो म्हणाला. “मी थांबनार.” मग तो थोडा वेळ दाराकडे बघत राहिला.

दुपारपर्यंत चार शहाणी माणसं जमली. ऊन चढतंय, फादरना संध्याकाळी पलीकडे जायचंय, उरकून घ्या. शब्द तेच, फक्त माणसं बदललेली. तेव्हा आम्ही सगळी धर्ममुलं दारात उभी राहिलो. या भांडणांच्या पोरांचं आयुष्यात पहिल्यांदा एका गोष्टीवर एकमत झालं होतं. सायमन आणि फिलीप मार्व्याला गेले आणि मासळीचा बर्फ भुशासकट घेऊन आले. कोंपाराला बर्फात ठेवलं. पापलेटाला मिळतो तो मान त्याला मिळाला, आणि जिवंत असता तर बर्फ कमी घातला म्हणून तो नक्की भांडला असता. फादरनी दोन-तीनदा घड्याळ पाहिलं, मग पलीकडे निरोप धाडून तेही आमच्यात येऊन बसले.

जाव दुसऱ्या दिवशी भरतीबरोबर आला. किनाऱ्यावरच कुणीतरी सांगितलं असावं, कारण तो मासळी तशीच टाकून आला होता. बर्फ बघून दारातच थबकला.

“कोनी थांबवला याला?”

“त्यानीच सांगितलं,” नातालीन म्हणाली. “तू आल्याबिगर हलनार नाय बोलला. तुज्या तोंडून एक शब्द पायजे होता त्याला. बापाच्या मातीचा. माफ केलं एवढं बोलला असतास तर काय झालं असतं?”

जाव भावाच्या उशाशी बसला.

“मी कवाच केलेलं,” तो म्हणाला. “होडी बांधायच्याबी आदी.”

“मग सांगितलं का नाय?”

“त्यानी इचारलं कुठं?”

खरंच विचारलं नव्हतं. कोंपाराने देवाकडे मागितलं, माउलीकडे मागितलं, कोंबड्याकडून निरोप पाठवले, लाकडाच्या होडीवर हात ठेवून सैतानाला हाकललं. कुडापलीकडे जाऊन एक वाक्य विचारणं मात्र त्याला सुचलं नाही, आणि न विचारता सांगणं जावला सुचलं नाही. मला दोघांचाही राग आला आणि तितकंच रडूही आलं.

पेटी देवळातून स्मशानात नेली तेव्हा धर्मपुत्रांनी खांदा दिला. खड्ड्याशी सायमनने पेटी खाली सोडायचे देवळातले दोर उचलले, तर जावने त्याचा हात धरला. “थांब,” तो म्हणाला, “तीबी त्याची पोरगी हाय.” आणि तो किनाऱ्याकडे निघाला. आम्ही थांबलो. फादरही थांबले, आणि लाकडाला बाप्तिस्मा नसतो हे त्या दिवशी त्यांनी कुणाला सांगितलं नाही. जाव होडीचा दोर खांद्यावर घेऊन आला, एक टोक सायमनला दिलं, दुसरं स्वतः धरलं आणि भावाला हळूहळू खाली सोडलं. दोर सकाळीच समुद्रातून आलेला होता. तो अजून ओला होता आणि त्याच्यातून पेटीवर पाणी ठिबकत होतं.