कळी उजवी पडेपर्यंत

माझ्या मुलीच्या आजाराला मी जवळजवळ वर्षभर खतपाणी घातलं, आणि तेही मोठ्या कौतुकाने.

ती तेव्हा तेरा वर्षांची होती, आठवीत. मी तुये गावातल्या कारखान्यात सकाळच्या पाळीला स्कूटरने जायचो. निघताना ती फाटकाशी येऊन विचारायची, "काय होवचां नाय मां, बाबा?" मी म्हणायचो, "काय होवचां नाय गो बाय." हे तीनदा. हेल्मेटच्या आतून बोललो तर ते धरलं जात नसे. हेल्मेट काढून पुन्हा पहिल्यापासून. मध्येच पाववाला पोदेर भोंगा वाजवत गेला, तरी पुन्हा पहिल्यापासून.

माझ्या शेजारच्या मशीनवर कोल्हापूरकडचा एक गडी होता. त्याला मी हे छाती फुगवून सांगितलं. तो म्हणाला, "नशीब काढलंस की. माझी पोरगी मी कवा जातो ते बघतबी न्हाई."

मग तीनाचे सात झाले. मी गेल्यावरही ती फाटकाची कडी लावून, काढून, परत लावून बघायची. मनासारखी लागली नाही तर बाबांची स्कूटर कुठेतरी ट्रकखाली जाणार, असं तिला वाटायचं. शाळेची बस चुकायला लागली. आधी आठवड्यातून एकदा, मग जवळजवळ रोज. शाळेतून निरोप आला, असंच चाललं तर वार्षिक परीक्षेला बसता यायचं नाही. मी ओरडलो, तर ती खालमानेने म्हणाली, "माका कळता बाबा, ह्या खोटां आसा. पण पोटाक कळणा नाय."

यावर शहाण्या बापाने डॉक्टर गाठला असता. मी देऊळ गाठलं.

आमच्याकडे घर बांधायचं असो की सोयरीक जुळवायची असो, देवाचा कौल घेतात. गुरव मूर्तीच्या अंगावर ओल्या कळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवीकडची कळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. म्हटलं, बाबांना काही होणार नाही हे देवानेच एकदा सांगितलं की विषय मिटला. गुरवाने गाऱ्हाणं घातलं आणि कळी उजवी पडली. पोर घरी येईपर्यंत स्कूटरवर मागे बसून गुणगुणत होती. मी बायकोला म्हणालो, "बघितलंस? डॉक्टर कशाला हवा?"

तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो, तर पोर देव्हाऱ्यासमोर बसलेली. तसबिरीच्या काचेवर परसातल्या पिटकुळीच्या फुलांच्या ओल्या कळ्या. बाबांपेक्षा मोठा अधिकारी तिला आता घरातच मिळाला होता. पण गुळगुळीत काच ती, कळ्या कशाही घसरायच्या. डावी पडली की डोळ्यांत पाणी, आणि पुन्हा गाऱ्हाणं, कधी कधी अकरा वेळा. एकदा डावी कळी निसटायला लागली तेव्हा कामाला उशीर होतोय म्हणून मीच ती हळूच बोटाने दाबून धरली.

बायको मागेच उभी होती. "आता देवाक फसयतास? पुरे झाला. म्हापशाक चला."

म्हापशाच्या डॉक्टरबाई तरुण होत्या. त्या आधी पोरीशीच बोलल्या, बराच वेळ. मग मला म्हणाल्या, "तिला नको असलेले विचार येतात, ती मुद्दाम आणत नाही. तुम्ही 'काही होणार नाही' म्हणालात की भीती थोडा वेळ उतरते. पण मन शिकतं, की ते वाक्य म्हटलं म्हणूनच बाबा वाचले. मग ते वाक्य आणखी जास्त वेळा लागतं."

"आणि देवाचा कौल?"

"देवाला एकदा विचारणं वेगळं. अकरा वेळा विचारल्याशिवाय जागचं हलता येत नाही, तेव्हा भीतीच विचारत असते."

"मग मी काय सांगू तिला?"

"उत्तर देऊच नका. आधी एकदाच, मग हळूहळू एकदाही नाही; विचारलंच तर 'माहीत नाही' म्हणा. तिला जमेल. तुमचं कठीण दिसतंय."

पोर हसली. कितीतरी महिन्यांनी.

एकदावर यायलाच तीन आठवडे गेले. मग अजिबात उत्तर न देण्याचा पहिला दिवस आला. तिने विचारलं, "काय होवचां नाय मां, बाबा?" मी हेल्मेट घट्ट धरून, ठरल्याप्रमाणे म्हणालो, "म्हायत नाय गो बाय." इतकं दुष्ट वाक्य मी आयुष्यात बोललो नव्हतो. तिचा चेहरा पांढरा पडला. बायको खिडकीतून म्हणाली, "जावा तुम्ही." मी गेलो, म्हणजे वळणावरच्या काजूपर्यंत गेलो आणि स्कूटरसकट झाडामागे लपलो.

ती फाटकाबाहेर आली, कडी लावली. चार पावलं चालून थांबली, मागे वळली, परत गेली. कडीपर्यंत हात नेला. बसने भोंगा दिला. तिने हात मागे घेतला, दप्तराचा पट्टा दोन्ही हातांनी आवळला आणि धावत सुटली.

बस माझ्या जवळून गेली तेव्हा खिडकीत ती होती. रडत होती, आणि तिला मी दिसलो.

"बाबा, कामाक जावा," ती ओरडली. सगळ्या बसने वळून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी बस पुन्हा चुकली. त्याच्या पुढच्या दिवशी मात्र मिळाली. त्या वर्षी ती परीक्षेला बसली. गणितात काठावर पास झाली आणि आम्ही पेढे वाटले.