न कमावलेला मान
बेचाळीसनंतरच्या त्या वर्षांत मी समाजसेवेचं शिक्षण घेत होते. मुलगा गुन्हा करून तुरुंगात गेला की आईबापांचं काय होतं, हे त्यांनाच विचारून यायचं काम मास्तरांनी माझ्या गळ्यात घातलं. सगळे मुलाकडे बघतात, आईबापांकडे कोणी बघत नाही, असं ते म्हणत. खरं होतं; पण त्यांना नुसतं म्हणायचं होतं, मोटारीतून धूळ खात जायचं मला होतं.

खर्ड्याच्या अलीकडच्या एका गावात मी उतरले. ज्या तात्यांना भेटायचं होतं त्यांचं घर दाखवायला एक तरुण बरोबर आला. चळवळीत धरला गेलेला, विसापूरच्या तुरुंगातून सुटून आलेला. "तात्यांचा पोरगा बी आमच्यातलाच," तो अभिमानानं म्हणाला. मी चपापले. माझ्या कागदांप्रमाणे तात्यांचा मुलगा येरवड्याच्या तुरुंगात होता, आणि तोही पुण्यात मालकाचं दुकान फोडल्याबद्दल.

तरुण अंगणात थांबला. आत तात्यांनी खाली मान घालून सगळं सांगितलं. धरपकडीच्या दिवसांतच पोलीस घरी चौकशीला आले, आणि पोरगा चळवळीत धरला गेला असं गावानं आपलं आपण ठरवून टाकलं. पारावर बोलावून त्यांच्या गळ्यात हार घातला. "म्या खोटं बोललो न्हाई, बाई. निस्ता गप बसलो." तेव्हापासून ते पारावर पुढे बसत होते. पण पुण्याहून कोणी आलं की त्यांना धडकी भरायची. तिकडे कोणी ओळखीचं दिसेल म्हणून मुलाला भेटायलाही गेले नव्हते, बायकोलाही जाऊ दिलं नव्हतं. आणि आता चळवळीतली सगळी मुलं सुटून आली होती.

मी वही मिटली. मी तिथे बसले होते, हाच त्यांच्या जिवाला घोर होता.

तेवढ्यात पाटील आले, त्यांच्यामागून तो तरुणही. सुटून आलेल्या मुलांचा गावात सत्कार ठरला होता. "तात्या, समदी पोरं आली, तुमचंच कसं न्हाई आलं?" मग माझ्याकडे वळून, "बाई, तुमी सरकारी दिसता. तुमाला ठावं आसंल."

तात्यांचा चेहरा पांढराफटक पडला. खोटं बोलायला जीभ रेटेना, आणि खरं सांगितलं असतं तर या माणसाला गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती. तरुणानं एकदा तात्यांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि त्याला काय ते कळलं.

"माझ्याच बराकीत हुता की," तो म्हणाला. "त्येचा खटला जरा येगळा. यील मागनं."

पाटील खूश होऊन गेले. माझा जीव भांड्यात पडला. देवासारखा धावून आला पोरगा, असं मला वाटलं.

इतका वेळ चुलीपाशी बसलेली तात्यांची बायको पदराला हात पुसत आली आणि त्या तरुणाच्या पुढ्यात बसली. मुलगा कुठे आणि कशासाठी आहे हे तिलाही ठाऊक होतं, पण आता तिला फक्त 'बराक' एवढंच ऐकू आलं होतं.

"तुज्याच बराकीत? मंग सांग की रं. थंडीत त्येचा कान लई फुटायचा. आता कसा हाय?"

तरुणानं माझ्याकडे पाहिलं. मी मान वळवली.

"बरा हाय, मावशी."

"जेवतो का पोटभर? वाळलाय का? माझं नाव काढतो?"

"काढतो की."

तिचा चेहरा असा उजळला की मला तिथे बसवेना. ती आणखी जवळ सरकली, आणखी विचारू लागली. तो घाम पुसत हो हो म्हणत राहिला.

"बास कर," तात्या ओरडले. मग बायकोकडे वळून म्हणाले, "त्येनं न्हाई बघितला आपला पोरगा. कुनीच न्हाई बघितला. म्या बी न्हाई."