जनरलसाहेबांची धावपट्टी

शुक्रवार, १३ नोव्हेंबर १९९८, सकाळी साडेदहा, दुबई. हजर: आमच्या वाचन मंडळाचे अध्यक्ष आणि त्यांच्या पत्नी, वक्ते (एका जपानी कंपनीतले इंजिनिअर), सचिव म्हणून मी, माझा नवरा आणि दहा वर्षांची मुलगी, तीन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर आलेले सासरे, वय शहात्तर, अल क्वोजच्या वर्कशॉपमधला साताऱ्याकडचा वेल्डर आणि त्याच्या खोलीतले तिघे, बाकी सभासद चौदा. विषय: दुसऱ्या महायुद्धातल्या एका जपानी जनरलचं आयुष्य आणि कारकीर्द.

मंडळाची पद्धत अशी की महिन्याला एक चरित्र, आणि शेवटी वक्त्याला शाल-श्रीफळ, हजर असलेल्यांपैकी सर्वांत वयस्कर व्यक्तीच्या हस्ते. कामांची यादी मी करत असे. सर्वांत वयस्कर या रकान्यात सासऱ्यांचं नाव मीच घातलं. ते मिलिटरीत होते, युद्धात कैद झाले होते, एवढं घरात सगळ्यांना माहीत होतं. कैद कोणाची, हे लग्नाला तेरा वर्षं झाली तरी मी विचारलं नव्हतं. त्यांना रताळं चालत नाही, उपासालासुद्धा, हे मात्र स्वयंपाकघरातल्या यादीत लिहून ठेवलं होतं.

माझी दुसरी सवय त्याहून वाईट. सभेचं इतिवृत्त मी गुरुवारीच लिहून ठेवायची. कार्यक्रम ठरलेला, माणसं ठरलेली, मग शुक्रवारची सुट्टी वहीत डोकं घालून का घालवायची? त्यामुळे वक्ते उभे राहण्याआधीच वहीत शाईने लिहिलेलं होतं: 'ज्येष्ठांच्या हस्ते वक्त्यांचा सत्कार झाला.'

वक्ते पन्नास मिनिटं बोलले. जनरलचं लहानपण खेड्यातलं, आई कडक, सैनिकी शाळेत पहिला नंबर. तरुणपणी युरोपात अभ्यास, मग चीन, मग मलाया, मग दक्षिणेकडची बेटं. सुंदर अक्षर. पहाटे थंड पाण्याने अंघोळ. युद्धानंतर खटला, काही वर्षं तुरुंग, म्हातारपणी घरामागे भाजीचा मळा. सगळं चांगलं जुळवून आणलेलं, प्रोजेक्टरवरच्या पारदर्शिकांसकट. मग त्यांनी नकाशावरच्या न्यू गिनीवर काठी टेकवली. "इथं या माणसानं जंगल तोडून दोन महिन्यांत धावपट्टी उभी केली. आपल्याकडच्या कॉन्ट्रॅक्टरांनी शिकण्यासारखं आहे." लोक हसले. कैद्यांबद्दल एकच वाक्य आलं: मनुष्यबळ अर्थात युद्धकैद्यांचं होतं.

टाळ्या झाल्या. मी सासऱ्यांच्या हातात तबक दिलं. ते वक्त्यांपर्यंत गेले आणि तबक खुर्चीवर ठेवलं.

"काठी परत तिथं टेकवा," ते म्हणाले. "हां, तिथंच. ती पट्टी आम्ही केली. सिंगापूरला पकडलेले आम्ही. जनरलसाहेबांनी फावडं धरलेलं मी काही पाहिलं नाही."

वक्ते गोंधळले. "आजोबा, मला कल्पना नव्हती. पण हे चरित्र आहे. फोकस त्या माणसावर ठेवावा लागतो."

"माझ्या प्लाटूनचे तेवीस जण त्या पट्टीच्या कडेला पुरलेत. मलेरिया, मार, उपासमार. रताळ्याचा पाला उकडून खायचो. तुमच्या पुस्तकात ते कितव्या पानावर आहेत?"

"तसा उल्लेख... नाही."

अध्यक्ष उठले. "बाबा, तुमचा अनुभव मोठाच आहे. पण बारा वाजता हॉल खाली करायचाय, आणि वडे गार होताहेत."

"बोला आजोबा तुम्ही," मागून वेल्डर म्हणाला. "वडे काय पळून जात न्हाईत."

तिघं-चौघं हसले आणि तेवढ्यात उठण्याची गडबड सुरू झाली. प्लेटा वाजल्या. सासरे काठीच्या टोकाकडे बघत उभे होते. मुलीनं विचारलं, "आजोबा, डिड यू मीट द जनरल?"

"एकदा मोटारीतनं गेला. आम्ही कमरेत वाकून उभे होतो. बूटसुद्धा दिसले नाहीत."

घरी आल्यावर त्यांनी वही मागितली. ती ओळ वाचली आणि चष्मा काढला. "सूनबाई, मी सत्कार केला असं लिहिलंयस."

"आधीच लिहिलं होतं, बाबा."

"मग खोड. आणि त्या तेवीस जणांची नावं लिही. मी जायच्या आत."

अध्यक्षांना फोन केला. त्यांचं म्हणणं, परक्या मुलखात आपण वाद करत नाही; हॉल वक्त्यांच्या कंपनीचा आहे, संक्रांतीलाही लागणार आहे; आणि पन्नास वर्षांपूर्वीचं उकरून कोणाचं भलं होणार? पन्नास वर्षांपूर्वीच्या जनरलच्या अंघोळीचं पाणी थंड होतं, हे सांगायला पन्नास मिनिटं होती. मेलेल्यांसाठी वहीतलं एक पान नव्हतं. मी हे त्यांना ऐकवलं. ते म्हणाले, "वहिनी, खलास करा आता हा विषय." नवराही म्हणाला, जाऊ दे. जाऊ दे म्हणायला काहीच लागत नाही, वडील आपले असले तरी.

पुढचे चार आठवडे रोज चहानंतर सासरे सांगत आणि मी लिहीत असे. नाव, गाव, कशानं गेला. काही नावांना ते थांबत. मी घाई केली नाही, एवढं एकच त्या महिन्यात मी नीट केलं. एकोणीस जण पूर्ण झाले. उरलेल्या चौघांची नावं होती, गावं आठवेनात. "एक कोरेगावच्या बाजूचा असावा," ते म्हणाले, मग म्हणाले, "नको, असावा असं लिहू नकोस."

डिसेंबरच्या सभेत मागचं इतिवृत्त कायम करायचं होतं. मी उभी राहून वाचलं: 'ज्येष्ठांनी सत्कार करण्यास नकार दिला. कारण सोबतच्या पानावर.'

"हे वहीत नव्हतं," अध्यक्ष म्हणाले.

"आता आहे. सूचक मी."

"अनुमोदन," वेल्डर म्हणाला. दुसरं कोणी तोंड उघडलं नाही, म्हणून ओळ मंजूर झाली. सासऱ्यांनी मान हलवली.

पान मात्र अध्यक्षांनी अडवलं. चौघांचे रकाने रिकामे. अपुरं जोडपत्र घेता येत नाही, नियम आहे. नियम खरा होता. तो मीच लिहिला होता, वर्गणीच्या याद्यांसाठी, आणि तो आता मेलेल्या माणसांना लावताना त्या गृहस्थांचा आवाजही चढला नाही. जनरलला जोडपत्र लागलं नव्हतं.

सासरे त्याच आठवड्यात परत गेले. फोनवर दर वेळी आधी विचारायचे, "लागलं का पान?" दोन हजार एक साली ते गेले. पलटणीच्या कचेरीला मी तीन पत्रं टाकली. एकाला उत्तर आलं, सर्व्हिस नंबर कळवा. वेल्डर सुट्टीवर गावी गेला की आसपासच्या गावांतली युद्धस्मारकं बघून येतो. त्यानं एक गाव शोधून काढलं.

तिघांची गावं बाकी आहेत.