आईचं माहेर बदललं

लालबागच्या आमच्या चाळीत नवीन माणूस आलं की नाव नंतर विचारतात, आधी गाव. मग आईचं माहेर, मग देवी कुठली. पाच मिनिटांत समोरच्याची कुंडली तयार. त्यामुळे मसाले विकायला अकाउंट उघडलं आणि पासवर्ड विसरल्यास ओळख पटावी म्हणून ॲपने 'आईचं माहेर कुठलं?' असं विचारलं, तेव्हा मला ते घरचंच वाटलं. मी खरं उत्तर दिलं. माहेराबद्दल कोण खोटं बोलतं?

हे उत्तर अख्ख्या चाळीला माहीत होतं आणि दोन वर्षं माझ्याबरोबर फिरलेल्या त्या महाशयांनाही. आईच्या माहेरच्या जत्रेला येऊन ते कोंबडी-वडे चापून गेले होते. पुढे आमचं फाटलं. तीन महिन्यांनी, ऐन मिरच्या वाळवायच्या दिवसांत, मी गच्चीवर असताना फोनने मला माझ्याच अकाउंटमधून बाहेर काढलं. महाशयांनी ते उत्तर देऊन पासवर्ड बदलला होता.

अर्ध्या तासात माझ्या नावाने पोस्ट पडली, 'मसाले बंद.' खाली मी त्याला रडून रडून लिहिलेले जुने मेसेज, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर उघडे. आधी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, मग डोकंच फिरलं. नऊ वर्षं शिंकत, डोळे पुसत मी ते नाव उभं केलं होतं. ते बुडालं असतं तर पुन्हा कुणाच्या तरी ऑफिसात फायली लावत बसावं लागलं असतं.

"फोन कर तेका, दोन शिव्या घाल," आई म्हणाली. मी तेच करणार होते. पण बँकेत काम करणाऱ्या शेजारच्या वहिनीने फोन हातातून काढून घेतला. "आधी सगळ्याचे स्क्रीनशॉट काढ. त्याला एक अक्षर लिहू नकोस. ॲपच्या कंपनीला कळव, मग पोलीस."

शिव्या गिळून मी तसंच केलं. पोलीस ठाण्यातल्या मॅडमनी सगळं शांतपणे वाचलं, तक्रार लिहून घेतली आणि निघताना विचारलं, "मालवणी मसाला आहे का हो शिल्लक?" तिथेच मला हसू फुटलं.

इकडे तो माझ्या नावाने गिऱ्हाइकांना उत्तरंही देत होता. खालच्या मजल्यावरच्या काकींना वास आला. त्यांनी त्याला मेसेज टाकला, अर्धा किलो मसाल्याला दगडफूल किती घालू? उत्तर आलं, 'चार नग.' आता दगडफूल म्हणजे सुके, चुरगळलेले पापुद्रे. ते मुठीने घेतात नाहीतर वजनाने. काकी धापा टाकत जिना चढून आल्या.

"दगडफूल नगावर मोजता मेलो! ह्या तुझा काम न्हय!"

मग काकींनी त्यांच्या भजनी मंडळाला कळवलं आणि पुढे मला काही करावंच लागलं नाही. संध्याकाळपर्यंत निम्म्या लालबागला माहीत झालं की तिथे बोलतंय ते भलतंच कुणीतरी आहे. माझ्या रडक्या मेसेजांबद्दल मला एकीनेही काही विचारलं नाही. ऑर्डरी मात्र थेट दारात येऊन सांगितल्या.

आठवड्याभराने कंपनीने अकाउंट परत दिलं. तक्रार अजून चालू आहे, आणि ती मी सोडणार नाही. वहिनीने शेजारी बसून पासवर्ड बदलून घेतला, माझ्याच फोनवर कोड येईल अशी सोय केली आणि म्हणाली, "आता माहेर बदल." मी एक धडधडीत खोटं गाव लिहिलं.

आईने गाल फुगवले. "माझा म्हायार बदलूक तुका कोणी सांगल्यान? खंय नेऊन ठेवलंस?"

मी सांगितलं नाही. आईपासून काही लपवायची माझी ही पहिलीच वेळ, आणि मला फार बरं वाटलं. ती तरातरा गॅलरीत गेली. आता माझा उद्धार होणार, म्हणून मी कान टवकारले. तर ती खाली वाकून काकींना ओरडून सांगत होती, "माका पण सांगूक नाय तिना! खमक्या झाला गो माझा चेडू!"