आप्पांचा प्रश्न

आक्का, बेळगावच्या स्टेशनवर तू माझ्या हातात भाकरीचं गाठोडं दिलंस, तेव्हा आप्पा पाठ फिरवून उभे होते. पुण्याची गाडी हलली तरी त्यांनी वळून पाहिलं नाही. तुला राग आला होता. पण अण्णाच्या वहीचं काय झालं हे तुला ठाऊक नव्हतं. वहीच्या वेळी तू सदलग्याला सासरी होतीस.

आपला अण्णा शाळेत इतिहास शिकवायचा. विणकराच्या घरातला पहिला मास्तर. त्यानं एक वही लिहिली होती: पूर्वी आपल्या गावसभा राजालाही जाब विचारत, म्हणजे आपण मुळात स्वतंत्र, मग आताच का नको? एका दुपारी मागावर बसलेल्या आप्पांना त्यानं ती वाचून दाखवली. आप्पांनी धोटा थांबवला.

"त्या सभंत आमच्यासारक्याला कुणी बसू दिलतं व्हय रं?"

अण्णानं वही मिटली. आठवडाभर तो धड जेवला नाही. मग वही फाडून त्यानं नव्यानं लिहिली. पूर्वी सगळे स्वतंत्र नव्हतेच, हे कबूल केलं. पण प्रत्येक सत्ता माणसांनीच उभारली आणि माणसांनीच मोडली, एवढं इतिहास नक्की सांगतो; तेव्हा स्वातंत्र्य मागायला ते आपल्या आज्याकडं असायलाच हवं होतं असं नाही.

पहिल्या वहीला इंग्रज साहेब आप्पांचाच प्रश्न विचारून हसला असता. दुसरीच्या नकला निपाणीपर्यंत गेल्या आणि अण्णा हिंडलग्याच्या तुरुंगात. परतला तो खोकतच. दोन महिन्यांत गेला.

"म्या इचारलं न्हाय पायजे हुतं," आप्पा मला म्हणाले. पुढं पोलीस येतच राहिले, सूत देणारा व्यापारी फिरकेना. नकला माझ्या अक्षरातल्या होत्या. "तू तरी जा रं," म्हणाले.

पुण्यात छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवतो. प्रूफ, फर्मा, ओव्हरटाइम, हीच आता माझी भाषा. मी 'लई' म्हटलं की पोरं हसतात. स्वराज्य आलं तेव्हा चार दिवस शहापूरला घरी आलो होतो. आप्पांना म्हटलं, "अण्णाचं बरूबर हुतं. तुमचंबी."

ते सुताचा गुंता सोडवत राहिले. "बरूबर हुतं की. पर त्यो न्हाय."

इथं कुणी गाव विचारलं तर शहापूरच सांगतो. पण आक्का, घरी येतो तो समाचाराला आल्यासारखा. पाय धुतो, पाणी पितो, आणि परतीच्या गाडीची वेळ विचारतो.